सोमवारची रिकामी गाडी

त्या सकाळी मिठागराच्या बांधावर कोण कोण होतं ते आधी सांगते. मागून कोणी म्हणायला नको की मी नव्हतो, मला माहीत नाही. मी होते. माझे मोठे भावोजी, म्हणजे घरकाराचे, माझ्या नवऱ्याचे, थोरले भाऊ, ते होते. त्यांची बायको, माझी जाऊ, कंबरेवर हात ठेवून उभी होती. सावंतवाडीकडचा ट्रकचा ड्रायव्हर गाडीच्या पायरीवर बसून विडी ओढत होता. आणि त्या गाडीचा मालक, पेडण्याचा, धुतलेला लेंगा चिखलाला लागू नये म्हणून दोन्ही हातांनी उचलून धरून उभा. माझा घरकार नव्हता. तो घरी बलकांवात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, पाठीला उशी लावून बसलेला. जेटीवर बार्ज भरताना तो पडला, तेव्हापासून भिंत धरल्याशिवाय त्याला उभं राहता येत नव्हतं. बस, एवढीच माणसं. एवढ्या माणसांत माझ्या घरातलं पावसाळ्याचं भात गेलं.

मिठागरात भात कसं जाईल, असं तुम्ही म्हणाल. ते सांगते.

चोपड्याला खाडीच्या काठावर आमच्या घरचं मिठागर. सासू होती तोवर ती खपायची, मग घरकाराच्या वाट्याचे वाफे माझ्याकडे आले आणि भावोजींचे त्यांच्याकडे. मधे एक बांध. सासू आयुष्यभर डोक्यावर पाटी घेऊन मीठ विकत फिरली. सुर्ल्यापर्यंत जायची ती. तिथली घरं पावसाच्या आधी पुरमेत भरून ठेवायची, म्हणजे मीठ, मिरची, सोलं, सुकी मासळी, पाऊस संपेपर्यंत पुरेल एवढं सगळं. त्यात मीठ आमचं. त्या बदल्यात ती घरं भात द्यायची. खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत आमच्याकडे पिकायचं ते दिवाळीपर्यंत पुरत नसे, मग सुर्ल्याचं भात उकडून आम्ही पावसाळा काढायचो. घरकाराची मजुरी गेल्यावर तर तेवढंच उरलं. मीठ तिकडे पोचलं तर भात इकडे. नाही पोचलं तर नाही. त्यात दुसरं काही नव्हतं.

सासू मेली आणि तिची घरं मला मिळाली. पण सासूचे पाय मला मिळाले नव्हते. घरकाराला सोडून मी दिवस दिवस फिरणार कशी? तेव्हा मी हा ड्रायव्हर धरला.

पेडण्याच्या मालकाची ती गाडी सुर्ल्याच्या खाणीवर चालायची. खाणीतून जेटी, जेटीवरून खाण. शनिवारी काम संपलं की ड्रायव्हर गाडी रिकामी घेऊन मालकाच्या दारात आणून लावायचा, आणि सोमवारी उजाडता रिकामी घेऊन परत जायचा. एवढं मोठं धूड, कोलवाळच्या पुलावरून धडधडत रिकामं जातंय आणि रिकामं येतंय. मी ते रस्त्यावरून बघायचे आणि मला राग यायचा. मी इथे मिठाच्या राशीवर बसलेय आणि त्या गाडीत वारा बसून जातोय.

एकदा मी तिला हात केला. ड्रायव्हर थांबला.

"काय गो वयनी, खंय जावचा?"

"माका न्हय. मिठाक जावचा."

तो हसला. मालकाला विचारून आला. मालक म्हणाला, वाटेवर आहे तर ने, पण गाडी घाण झाली तर तुझ्याकडून धुऊन घेईन. ड्रायव्हरच्या घरी मी वर्षाचं मीठ आणि सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, घालायचे, मालकाच्याही. त्यावर चालू झालं. सोमवारी मीठ जायचं, ड्रायव्हर घरोघरी उतरवायचा, शनिवारी भात घेऊन यायचा. जाताना भरलेली, येताना भरलेली. अशी किती तरी वर्षं गेली, मला एकही दिवस कोणाच्या दारात भात मागायला जावं लागलं नाही.

पण त्याची एक रीत होती. ती मी कोणाकडून शिकले नाही, पहिल्याच खेपेला मीठ तांबूस झालं तेव्हा अक्कल आली. लोखंडाची माती वाहणारी गाडी ती. फळ्यांच्या फटीत, कोपऱ्यात, सगळीकडे तांबडी माती. म्हणून रविवारी मी आणि ड्रायव्हर गाडी खाडीच्या पाण्याने धुवायचो, मग विहिरीच्या पाण्याने, आणि तळाला विणलेली चुडतं, माडाच्या झावळ्या, घालायचो, दोन थर. आणि मीठ जुनं भरायचं. वाफ्यातून ओढलेलं ताजं मीठ ओलं असतं, गळतं. ते राशीला लावून, गवताने झाकून, पाणी निथळून जाईपर्यंत ठेवायचं. घाई केली की मीठ वाटेतच रडतं आणि खालची माती वर ओढून घेतं.

भावोजी हे सगळं बांधापलीकडून बघायचे. त्यांना वाटायचं, हिला नुसती गाडी मिळाली म्हणून हिचं चाललंय. ते तेव्हा सभांना जायचे. गोव्यात भाषेचं मोठं भांडण चाललं होतं, रस्त्यावर झाडं आडवी पडत होती, पाट्यांना डांबर फासत होते. भावोजी मराठीवाले. सभेत मराठीसाठी घसा फोडायचे आणि घरी येऊन मला शिव्या द्यायचे त्या कोकणीत. मी मराठी शाळेत चौथीपर्यंत गेलेली, घरात आपलं चोपड्याचं बोलणारी. माझं कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. माझी काळजी एवढीच की झाड आडवं पडलं तर सोमवारची गाडी कुठून जाईल.

भाषेचं एकदाचं मिटलं की नाही मला माहीत नाही, पण त्या साली गोवा राज्य होणार असं ठरलं. पाऊस तोंडावर आलेला. राज्य होणार म्हणून खाण बंद राहणार होती, त्यामुळे गाडी त्या आठवड्यात शनिवारची वाट न बघता आधीच घरी आली. मला निरोप नाही. मी सकाळी मिठागरावर गेले तर गाडी बांधाला लागलेली, आणि भावोजींच्या वाफ्यातून पाट्यांवर पाट्या चढताहेत. ओलं मीठ. फळीने ओढलेलं, अजून पाणी टपकतंय असं.

मी विचारलं, "भावोजी, ही माझी गाडी न्हय?"

"तुझी? तुझ्या बापाशीन घेतल्यान गाडी?" भावोजी म्हणाले. "मालकाकडे माझा बोलणा झाला. ह्या सालापासून सोमवार माझो."

मी मालकाकडे बघितलं. तो म्हणाला, "तुमच्या घरातली भांडणं तुम्ही घरात मिटवा बाई. मला गाडी नेणारा पुरुषमाणूस बरा पडतो. उद्या काही झालं तर मी कोणाला धरू?"

इतकी वर्षं काही झालं नव्हतं. पण माझ्या मनात मीठ होतं. मी म्हटलं, "गाडी धुवून तरी घेवा. तळाक तांबडी माती आसा. आणि ह्या मीठ ओला आसा, सोमवारपर्यंत गाडीत ऱ्हवला तर सगळा तांबडा होतला."

जाऊ फिस्सकन हसली. "आयकलात? मिठाक न्हाणी घालूची. मीठ काय बाळंतीण आसा, न्हाणवून चुडतांवर निजवूक?"

भावोजीही हसले, मालकही हसला. ड्रायव्हर हसला नाही. तो विडी विझवून म्हणाला, "वयनी सांगता ता खरा आसा. आमी दर फेरेक धुतों."

"तुका कोणी इचारला?" भावोजी त्याच्यावर ओरडले. "तू चाक फिरव."

त्यांना सोमवारपर्यंत थांबता आलं असतं. गाडी धुता आली असती, जुन्या राशीतलं मीठ काढता आलं असतं. त्यांची रास होती तिथेच, झाकलेली. पण गाडी मोकळी राहिली तर मी माझं मीठ त्यात घालीन, ही भीती. म्हणून समोर जे दिसलं ते भरलं, काठोकाठ, मला एक पाटी ठेवायला जागा राहू नये म्हणून. वरून खाणीची ताडपत्री ओढली. तीही तांबडी. गाडी जाऊन मालकाच्या दारात उभी राहिली, आणि माणसं राज्य झाल्याचा आनंद करायला गेली. उन्हात, बंद ताडपत्रीखाली, ते मीठ सोमवारपर्यंत गळत उभं.

माझी रास तशीच राहिली. स्वच्छ, निथळलेली, विकायला तयार.

घरी घरकाराला सांगितलं. तो म्हणाला, "तुवें ताका शिव्यो घालूक जाय आशिल्ल्यो."

"तू घाल. तो तुझो भाव," मी म्हटलं. त्याने तोंड फिरवलं. भिंतीकडे बघत बसला. त्या माणसाकडून मला काही मिळेल असं मी धरलंही नव्हतं.

पुढच्या शनिवारी ड्रायव्हर पेडण्याहून सायकल घेऊन आमच्याकडे आला. भावोजींच्या घरावरून न येता मागच्या पायवाटेने आला, तेव्हाच मला कळलं, काहीतरी बिघडलंय. त्याने खिशातून केळीच्या पानाची पुडी काढली आणि बलकांवात घरकाराच्या पुढ्यात सोडली. आत मीठ. विटकरीच्या रंगाचं.

"भात?" मी विचारलं.

"कसला भात वयनी. माका मारूक आयल्यो बायलो."

"भावोजींचा मीठ ना ता? माका कित्याक दाखयतंस?"

ड्रायव्हर खाली मान घालून म्हणाला, "तुझे भावोजी म्हणाले, उतरवताना सांग, चोपड्याच्या धाकट्या सुनेन धाडलां. ना तर घेवचे नात. मी सांगलंय. माका मालकाचो हुकूम. घराघरांत तुझा नाव सांगून उतरवलंय. आणि त्या बायलांनी तुझ्या नावार इस्वास ठेवून काळोखात, खोलीत नेवन वतला. सकाळी बघता तर ह्या."

तोंडावर थुंकावंसं वाटलं मला, पण त्याच्या नव्हे. त्याला मी आंबील दिली आणि तो गेला.

इथे मला भात गेल्याचं दुःख नव्हतं, म्हणजे होतं, पण ते एका वर्षाचं होतं. नाव गेलं की पुढच्या सगळ्या वर्षांचं जातं. दुकानातून आणलेलं वाईट निघालं तर माणूस दुसऱ्या दुकानात जातो. सासूने डोक्यावर नेऊन जोडलेली घरं ती. एकदा तुटली तर कोण परत बांधणार? पाऊस कधीही येईल असं आभाळ. पाऊस पडला की पुरमेत बंद, मग कोणी मीठ घेत नाही.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या राशीतलं मीठ पाटीत भरलं, वर केळीचं पान बांधलं, आणि निघाले. घरकाराला भिंतीजवळ पेज आणि पाणी ठेवलं. चोपड्याहून होडीने शिवोली, तिथून म्हापशाची बस. कंडक्टर म्हणाला, मीठ वर टपावर टाक. मी म्हटलं, मी पण टपावर बसते मग. तो म्हणाला, बाये, गळतं तुझं. मी पाटी उचलून त्याच्या शर्टाला लावली आणि म्हटलं, बघ, लागलं काय? लागलं नव्हतं. निथळलेलं मीठ गळत नाही. बसमधली माणसं हसली, तो चिडला, पण मला उभं राहू दिलं. म्हापशाहून डिचोली, डिचोलीहून सुर्ला. रस्त्यावर तांबड्या गाड्या एकामागे एक, आणि रस्त्याकडेची झाडंही तांबडी. नव्या राज्याच्या पताका लावलेल्या होत्या, त्यांच्यावरही धूळ बसलेली.

सगळ्यात आधी मी एका म्हाताऱ्या आजीकडे गेले. सासूचं पहिलं घर ते. आजी दारातच होती. मला बघून उठली नाही.

"कित्याक आयलंस गो? तांबडा आणि उरलां?"

मी पाटी उतरवली. "आजये, ता मीठ माझा न्हय."

"तुझ्या नावान आयला."

"नाव माझा. मीठ माझ्या भावोजींचा. माका न इचारता माझा नाव घातल्यान."

"ह्यो तुमच्या घरच्यो कानयो माका नाका." आजीने आतून एक मडकं आणून माझ्यासमोर आपटलं. आत तोरं होती, पावसासाठी मिठात घातलेली कोवळी आंब्याची. पाणी चहासारखं झालेलं, आणि तोरं काळी, मऊ. "सुनेन घातली. इस्वासान. आता पावसात पेजेवांगडा काय खावचा आमी? तुझो भावोजी खावचो?"

मी पान सोडलं. मीठ पांढरं होतं, जरा करडं, जसं आमच्याकडचं असतं तसं. आजीने चिमटीत घेतलं, तळहातावर चोळलं, तळहात उजेडात धरला, मग जिभेला लावलं. दुसरा खडा घेतला, तोही चाखला. मग म्हणाली, "ह्या तुझ्या सासूच्या हातचा."

"सासू मेली. माझ्या हातचा."

"तेंच म्हणतां." तिने सुनेला हाक मारली, पाटी आत न्यायला लावली, आणि तीच पाटी भाताने भरून बाहेर आली. भात देताना मात्र ती तोंड वाकडं करूनच बोलली. "तू तोंडार येवन सांगलंस म्हणून घेतंय. दुसऱ्या घरांचा माका सांगू नाका. तू वच. मी कोणाक सांगूक वचची ना."

मूठभर मीठ पानात मागे ठेवलं होतं, ते दाखवायला घेऊन मी गेले. एका घरात जनेल उघडून बाईने मला बघितलं आणि जनेल लावलं. एका घरात म्हणाले, डिचोलीच्या दुकानातून गोणीतलं आणलं, आता कशाला? एका घरात बाईच्या नवऱ्याने कुत्रं अंगावर सोडलं, साखळी हातात धरून, चावलं नाही, पण सोडलं. एका बाईने माझं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि म्हणाली, पुढच्या वर्षी बघू. मला पुढच्या वर्षीचं तेव्हाच कळलं. त्या बायकांनाही मी वाईट म्हणत नाही. तोरं त्यांची गेली होती. पण एकीलाही वाटलं नाही की आधी विचारावं.

एक पाटी भात घेऊन मी परत आले. दुसऱ्या दिवशी पाऊस लागला.

मी भावोजींच्या अंगणात गेले. ते चुलीजवळ शेकत बसले होते. मी म्हटलं, "माझ्या नावान मीठ कित्याक घातलात?"

त्यांनी लपवलंसुद्धा नाही. म्हणाले, "तर कोणाच्या नावान घालू? थंय माका कोण वळखता?"

"आता वळखतले," मी म्हटलं, आणि निघाले. मागून जाऊ काहीतरी ओरडली. तिला मी त्यानंतर उत्तर दिलेलं नाही, ती मेली तोवर.

तो पावसाळा आम्ही कसा काढला ते सांगण्यासारखं नाही. खाडीच्या चिखलातले शिंपले, खुबे, काढले, कणगं, रताळ्यासारखे कंद, उकडली, पोदेराचे, म्हणजे बेकरीवाल्याचे, शिळे उंडे पाव पेजेत बुडवून खाल्ले. घरकाराला भाताची पेज, मला नुसतं पाणी. पुढच्या वर्षी भावोजींनी गाडी भरली, या वेळी जुनं मीठ, धुतलेली गाडी, चुडतंसुद्धा. सगळी माझी रीत. कोणी घेतलं नाही. गाडी भरलेली गेली आणि भरलेली परत आली. मालकाने ताडपत्री आपटली आणि म्हणाला, आता माझ्या गाडीत मीठ नको कोणाचंच. अशी ती सोमवारची गाडी परत रिकामी धावायला लागली. मी रस्त्यावरून ती जाताना बघायचे. तोच राग यायचा, पण आता हात करून काही उपयोग नव्हता.

आजीचं घर मात्र राहिलं. दर साली मी पाटी घेऊन गेले, होडी, बस, बस, बस. आजी मेल्यावर तिच्या सुनेने घेतलं. एक घर. त्यावर पोट भरत नाही, पण माझं मीठ कुठेतरी पोचतंय एवढं होतं. मग मिठाची पाकिटं आली आणि तेही गेलं. भावोजी मेले तेव्हा मी अंगणात जाऊन बसले, रीत म्हणून. रडले नाही. लोक बघत होते, बघू दे.

आता मिठागरात पाणी साठून गवत आलंय. बांध कुठला कोणाचा तेही दिसत नाही.

हे वाचणाऱ्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरी दुसऱ्या गावातून काही सामान येत असेल, मीठ असो, मिरची असो, भाजी असो, आणि ते कधी खराब निघालं, तर ज्याच्या नावाने आलं त्याच्याशी लगेच दार लावू नका. वाटेत गाडी असते, ड्रायव्हर असतो, मालक असतो, आणि भावोजीही असतो. आधी निरोप पाठवा आणि त्या माणसाला तोंडावर विचारा. एवढंच.